कानात कोच, समोर मूल

चार वर्षांच्या मुलाचा हट्ट कसा हाताळावा, हे बहुतेक आईबापांना ठाऊक असतं. ओरडू नये, हात उगारू नये, एकदा ‘नाही’ म्हटलं की ते ‘नाही’च राहावं. डॉक्टर हेच सांगतात, शाळेतल्या बाई हेच सांगतात. तरीही संध्याकाळी ऑफिसातून दमून आल्यावर भरलेलं ताट जमिनीवर आपटतं, आणि वाचलेलं-ऐकलेलं सगळं कुठल्या कुठे जातं. तोंडून निघतं ते आपण लहानपणी ऐकलेलं वाक्य. हातून घडतं तेही बहुधा तेव्हाचंच.

कळतं पण वळत नाही, आणि वळत नाही ते नेमकं डोकं तापलेलं असताना. अमेरिकेत गेल्या पन्नास वर्षांत रुजलेली एक उपचारपद्धती या अडचणीभोवतीच उभी आहे. तिचं नाव पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, थोडक्यात पीसीआयटी. सतत उलटून वागणाऱ्या, मारणाऱ्या, चावणाऱ्या, वस्तू फेकणाऱ्या दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी ती आहे. गंमत अशी की यात थेरपिस्ट मुलाशी जवळजवळ बोलतच नाही. ती बोलते आईशी किंवा वडिलांशी, तेही पलीकडच्या खोलीतून, त्यांच्या कानातल्या छोट्या रिसीव्हरमध्ये, आणि मूल समोर खेळत असतानाच.

खोली साधी असते. ठोकळे, खडू-कागद, प्लास्टिकची गुरंढोरं. खेळणीही विचार करून ठेवलेली असतात. हारजीत असलेले बैठे खेळ नसतात, कारण त्यांत नियम आले आणि नियमांवरून भांडण आलं. बंदुका-तलवारी नसतात, सांडणारे रंग नसतात. एका भिंतीवर आरसा असतो, पण पलीकडून तो काचेसारखा आरपार दिसतो आणि तिथे थेरपिस्ट बसलेली असते. पहिली पाच मिनिटं ती एक शब्द बोलत नाही, फक्त मोजत असते. आईने कौतुक किती वेळा केलं, प्रश्न किती विचारले, हुकूम किती सोडले, टोकलं किती वेळा. मग माईक सुरू होतो.

पुढे घडतं ते साधारण असं. मूल म्हणतं, “मी गॅरेज बांधतोय.” आईच्या जिभेवर प्रश्न तयारच असतो, किती गाड्या मावतील रे यात? तेवढ्यात कानात आवाज येतो, “तो म्हणाला तेच परत म्हणा.” आई म्हणते, “गॅरेज बांधतोयस तू.” “मस्त. आता त्याचे हात काय करताहेत ते बोला.” “निळ्या ठोकळ्यावर लाल ठेवलास.” मूल एकदा वर बघतं आणि पुढचा ठोकळा उचलतं. मग काय होतं कोण जाणे, ते तो ठोकळा आरशावर भिरकावतं. आईचे खांदे ताठ होतात. कानातला आवाज मात्र चढत नाही. “काही बोलू नका. तोंड फिरवा. तुमचे ठोकळे रचत राहा, आणि काय रचताय ते आनंदाने सांगत राहा.” आई स्वतःच्या मनोऱ्याबद्दल बोलू लागते. आवाज थोडा कापतो, पण ती बोलत राहते. जरा वेळाने मूल सरकत जवळ येतं आणि एक ठोकळा तिच्या मनोऱ्याशेजारी ठेवतं. “आता! लगेच!” “ठोकळा किती हळूच ठेवलास, मला खूप आवडलं.”

तो ‘आता’ कुठलंही पुस्तक देऊ शकत नाही. गाणं शिकवताना गुरू समोर बसतो तो याचसाठी. स्वर घसरला की तिथल्या तिथे सांगायचं. मैफल संपल्यावर सांगितलेली चूक समजते, पण गळ्यातून जात नाही. पालकत्वाच्या व्याख्यानांचं आणि पुस्तकांचं असंच होतं.

ही पद्धत घडवली शीला आयबर्ग यांनी, १९७४च्या सुमारास, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात त्यांनी ती पक्की केली. त्यांच्यासमोर तेव्हा दोन वाटा होत्या आणि दोन्ही अपुऱ्या वाटत होत्या. एक व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी लोकप्रिय केलेली खेळोपचाराची वाट. मुलाच्या मागे मागे जायचं, त्याला स्वीकारायचं, शिकवत बसायचं नाही. त्या तासापुरतं मूल शांत व्हायचं, पण जीव जडायचा तो थेरपिस्टवर, आणि घरी जायचं ते आईबरोबर. दुसरी वाट वर्तनोपचाराची. कॉन्स्टन्स हँफ या पोर्टलंडच्याच मानसशास्त्रज्ञ मतिमंद आणि अपंग मुलांच्या आयांना दोन टप्प्यांत शिकवत होत्या. आधी चांगल्या वागण्याकडे लक्ष द्यायचं, मग शिस्त लावायची. आईच्या कानात बोलून मार्गदर्शन करण्याची रीतही हँफ यांचीच. आयबर्ग यांनी दोन्ही वाटा जोडल्या. खेळोपचारातलं थेरपिस्टचं कसब त्यांनी आईच्या हाती दिलं.

तिसरा धागा बर्कलीच्या डायना बॉमरिंड यांचा. १९६०च्या दशकात त्यांनी पालकांच्या वागण्याचा अभ्यास केला तेव्हा दिसलं, की नुसते कडक आणि नुसते लाड करणारे, या दोघांपेक्षा माया आणि ठामपणा दोन्ही सांभाळणाऱ्या पालकांची मुलं अधिक सावरलेली असतात. पीसीआयटीचे दोन टप्पे म्हणजे या दोन बाजू आहेत, आधी माया आणि नंतर ठामपणा. क्रम उलटा करायचा नाही, आणि पहिला टप्पा पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही. माझ्या मते या सगळ्या पद्धतीत सर्वांत शहाणपणाचा नियम हाच आहे. मूल वाया चाललंय असं वाटलं की आपण आधी शिस्तीकडे धावतो, आणि नेमकी तीच त्या घरात मोडीत निघालेली असते.

ती मोडीत कशी निघते, हे जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवून दिलं. ते ओरेगनमधल्याच युजीन शहरात काम करत. त्यांची माणसं कुटुंबांच्या घरी जाऊन, कोण कोणाशी काय बोलतं आणि त्यावर लगेच काय घडतं, हे क्षणाक्षणाला टिपून घेत. त्यातून जे दिसलं ते त्यांनी १९८२च्या पुस्तकात मांडलं. ते आपल्या घरात बसवून पाहू. जेवताना मुलाच्या हातात मोबाइल आहे. आई म्हणते, बंद कर. मूल कुरकुरतं. आई पुन्हा म्हणते, आवाज चढवून. मूल किंचाळतं. शेजारी काय म्हणतील, अन्न तरी पोटात जाऊ दे, असं म्हणून आई मोबाइल परत देते. किंचाळणं थांबतं.

इथे दोघांनाही बक्षीस मिळालं. मुलाला मोबाइल मिळाला, म्हणजे पुढच्या वेळी किंचाळायला हरकत नाही. आईला शांतता मिळाली, म्हणजे पुढच्या वेळी नमतं घ्यायला हरकत नाही. कधी उलटंही होतं. आई इतकी कडाडते की मूल दचकून मोबाइल ठेवतं, आणि आईच्या मनात पक्कं होतं की याला ओरडल्याशिवाय कळत नाही. मग मूल एक पट्टी वर जातं, आई दोन पट्ट्या. कोणी वाईट नसतं. दोघं एकमेकांना रोज, नकळत, प्रशिक्षण देत असतात. ‘मूल बिघडलंय’ किंवा ‘आईला जमत नाही’ या दोन्ही निवाड्यांपेक्षा हे वर्णन मला अधिक खरं आणि अधिक दयाळू वाटतं. दोष त्या देवाणघेवाणीत आहे, म्हणूनच उपचारही देवाणघेवाण चालू असतानाच करावा लागतो.

पहिल्या टप्प्यात आईने काय करायचं? पाच गोष्टी. नेमकं कौतुक, मुलाचं बोलणं परत म्हणणं, त्याच्या खेळासारखा खेळ करणं, तो करतोय त्याचं वर्णन, आणि या सगळ्यात मनापासून आनंद. टाळायच्या तीन, प्रश्न, हुकूम आणि टीका. टीका का टाळायची हे कळतं, पण प्रश्नांनी काय घोडं मारलंय? मुलाशी खेळणाऱ्या कोणाही मोठ्या माणसाला पाच मिनिटं ऐका. हा कुठला रंग? गाय कशी ओरडते? हे काय काढलंस? चाक कुठे गेलं? हौसेने चाललेली ती छोटी परीक्षाच असते. प्रश्न विचारला की खेळाची दोरी मोठ्याच्या हातात जाते, आणि उत्तर चुकलं की दुरुस्तीही येते. ज्या मुलाला दिवसभर ‘हे करू नको, ते ठेव’ ऐकावं लागतं, त्याच्या वाट्याला निदान ही पाच मिनिटं पूर्णपणे त्याची यावीत, असा यामागचा हिशेब आहे.

‘शाब्बास’, ‘गुड बॉय’ हे कौतुक इथे अर्धंच धरलं जातं. कशाबद्दल, ते सांगायला हवं. “खडू मला दिलास, वाटून खेळतोस, छान वाटलं.” असं बोललं की मुलाला नेमकं काय पुन्हा करायचं ते कळतं. आणि निकष सैल नाही. पाच मिनिटांत दहा वेळा नेमकं कौतुक, दहा वेळा मुलाचं बोलणं परत म्हणणं, दहा वेळा वर्णन, आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून तीनपेक्षा कमी. हे साधलं की पहिला टप्पा पार. घरी रोज पाच मिनिटं असाच खेळ करायचा असतो. बसून बघा, पाच मिनिटं एकही प्रश्न न विचारता मुलाशी बोलणं किती अवघड असतं ते लगेच कळेल.

या टप्प्यात आणखी एक गोष्ट घडते, जी पाहणाऱ्याच्या चटकन ध्यानात येत नाही. थेरपिस्ट आईच्या कानात जे बोलते, ते बहुतांश कौतुकच असतं. “छान दुर्लक्ष केलंत.” “आवाज किती मऊ ठेवलात.” आईने मुलाशी जसं वागावं असं तिला वाटतं, तसं ती आईशी वागत असते. अशा मुलांच्या आयांनी सासरी, शाळेत, बसमध्ये आपल्या आईपणाबद्दल बोलणीच खाल्लेली असतात. कोणीतरी तुम्ही बरोबर करताय असं सांगतंय, हा अनुभवच त्यांना नवा असतो.

दुसरा टप्पा आज्ञेचा. हुकूम द्यायचाच, पण तो हुकमासारखा द्यायचा. “ठोकळे आवरूया का?” हा हुकूम नाही, त्यावर ‘नको’ हे उत्तर रास्तच आहे. “नीट वाग” यात काय करायचं तेच कळत नाही. “पसारा आवर, हात धू आणि जेवायला ये” यात तीन कामं झाली. आज्ञा एका वेळी एक, स्पष्ट, सभ्य शब्दांत, आणि काय करू नको यापेक्षा काय कर हे सांगणारी हवी. “लाल ठोकळा माझ्या हातात दे.” पाच सेकंद थांबायचं. दिला तर लगेच कौतुक. नाही दिला तर एकच ताकीद, “दिला नाहीस तर खुर्चीवर बसावं लागेल.” पुन्हा पाच सेकंद. मग खुर्ची. तिथे तीन मिनिटं, आणि शेवटचे पाच सेकंद शांततेचे. त्यानंतर मूळ आज्ञा पुन्हा, कारण खुर्चीवर बसून काम टळत नाही. ठोकळा दिला की साधंसं ‘ठीक’, मग लगेच एक नवी सोपी आज्ञा, आणि ती ऐकली की भरभरून कौतुक. सगळी वाक्यं ठरलेली असतात, पालकांनी ती पाठ केलेली असतात. रागात शब्द सुचत नाहीत, म्हणून ते आधीच दिलेले असतात.

पहिल्या खुर्चीचा प्रयोग घरी करायचा नाही, थेरपिस्ट कानात असतानाच करायचा, हा नियम आहे. त्या दिवशी मूल खूप वेळ आकांत करू शकतं. आईच्या जिवाचं पाणी होतं. नेमकी तेव्हाच ती पूर्वी माघार घ्यायची किंवा मारायची. आता कानात कोणीतरी असतं. श्वास घ्या, त्याच्याकडे बघू नका, तुम्ही बरोबर करताय, आपण थांबू.

इथे इतिहासातली एक नको वाटणारी गोष्ट सांगायला हवी. सुरुवातीच्या काळात, खुर्चीवरून उठून जाणाऱ्या मुलाला चापट मारावी, असं या घराण्यातल्या पद्धती सांगत होत्या. १९८०च्या दशकात आयडाहोतल्या मार्क रॉबर्ट्स यांनी सहकाऱ्यांबरोबर प्रयोग करून दाखवलं, की चापटीऐवजी थोडा वेळ रिकाम्या, सुरक्षित खोलीत ठेवलं तरी तितकाच उपयोग होतो. चापट गेली. आजही खुर्ची आणि खोली यांवर वाद आहेत. रागावलेल्या मुलाला एकटं पाडणं बरोबर का, असं बरेच जण विचारतात. मारहाण किंवा हेळसांड सोसलेल्या मुलांबाबत हा प्रश्न मलाही गंभीर वाटतो, आणि तिथे जपूनच पावलं टाकायला हवीत. पण या एकट्या टाइम-आउटवर, म्हणजे खुर्ची-खोलीवर, टीका करताना हे लक्षात ठेवावं, की इथे त्याच्या आधी कित्येक आठवड्यांची माया पेरलेली असते. ‘जा त्या कोपऱ्यात, तोंड दाखवू नकोस’ या घरगुती शिक्षेशी त्याचं फारसं नातं नाही.

परिणामाचं मोजमाप आयबर्ग यांनी सुरुवातीपासून जोडून ठेवलं. पालक छत्तीस प्रश्नांची एक यादी दर आठवड्याला भरतात. कपडे घालताना टाळाटाळ, जेवताना तक्रार, मोठ्यांना उलट बोलणं, हे किती वेळा होतं, एकपासून सातपर्यंत. बेरीज १३१ किंवा जास्त असेल तर काळजीचं कारण. ती ११४ किंवा खाली आली, कसब पक्कं झालं आणि पालकांना आपण सांभाळू शकू असा भरवसा आला की उपचार संपतो. आधीच ठरलेले अमुक आठवडे असं काही नसतं, बहुतेकांचे तीन ते पाच महिने जातात.

सर्वांत बोलका अभ्यास मात्र वेगळ्याच पालकांवर झाला. ओक्लाहोमात मार्क चॅफिन आणि सहकाऱ्यांनी ११० अशा पालकांना घेतलं, ज्यांनी आपल्या मुलांना मारहाण केल्याच्या तक्रारी बालसंरक्षण खात्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. निकाल २००४ साली छापून आला. नेहमीच्या पालक-गटात गेलेल्यांपैकी ४९ टक्क्यांबद्दल पुन्हा मारहाणीची तक्रार आली. पीसीआयटी घेतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. पाठपुरावा दोन वर्षांहून अधिक काळ चालला होता. तिसऱ्या एका गटाला पीसीआयटीबरोबर इतर समुपदेशन आणि सेवाही दिल्या होत्या. त्यांचं प्रमाण ३६ टक्के निघालं, म्हणजे जास्तीच्या मदतीने जास्त फायदा झाला नाही. फरक कशाने पडला तेही त्यांनी तपासलं. पालक-मुलातली कडवट देवाणघेवाण जितकी घटली, तितकी मारहाण घटली. हात उगारणारा बाप राक्षस असतो असं मानून त्याला दूर ठेवणं सोपं आहे. हा अभ्यास सांगतो, की त्याला मुलासमोर बसवून, कानात बोलून, दुसरं काहीतरी करायला शिकवता येतं, आणि त्याने मुलाचं अंग वाचतं.

२००८ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या संशोधकांनी पालक-प्रशिक्षणाच्या ७७ मूल्यमापनांचा एकत्र आढावा घेतला. ज्या कार्यक्रमांचा परिणाम मोठा होता त्यांत ठळकपणे दिसलेली एक गोष्ट म्हणजे प्रशिक्षणाच्या तासातच पालकांनी स्वतःच्या मुलाबरोबर सराव करणं. लटक्या प्रसंगाचा अभिनय किंवा नुसतं ऐकणं पुरत नाही.

मोठी उणीवही आहे. अनेक ठिकाणी एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त कुटुंबं मध्येच सोडून देतात. दर आठवड्याला एक तास काढायचा, बसने यायचं, दुसरं मूल कोणाकडे ठेवायचं, रजा कोण देणार. गरज ज्यांना जास्त त्यांनाच हे जड जातं. यावर एक उत्तर २०१७ साली जोनाथन कॉमर यांच्या गटाने तपासलं. तीन ते पाच वर्षांची मुलं असलेल्या चाळीस कुटुंबांपैकी निम्म्यांना व्हिडिओ कॉलवरून, घरच्याच खेळण्यांवर, कानातल्या ब्लूटूथमधून कोचिंग दिलं. परिणाम दवाखान्याच्या तोडीस तोड निघाला, आणि येण्याजाण्याच्या अडचणी पालकांना कमी वाटल्या.

आपल्या दृष्टीने हे शेवटचं महत्त्वाचं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ साली शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बेकायदा ठरवला, पण घरात फटका अजून सहज पडतो. कायदा सांगतो काय करू नका. त्याऐवजी काय करायचं, हे पालकांना हात धरून शिकवणारं कोणी असत नाही. तालुक्याच्या गावी मानसशास्त्रज्ञ मिळणं कठीण, स्मार्टफोन मात्र घरोघरी आहे. आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते. आई नाही म्हणते, आजोबा हळूच हो म्हणतात, काका चॉकलेट देतात. कधी तरी मिळणाऱ्या बक्षिसानेच हट्ट सर्वांत चिवट होतो. त्यामुळे मराठी घरात असं काही करायचं तर कानात रिसीव्हर आजी-आजोबांच्याही बसवावा लागेल. पीसीआयटीत त्याला आडकाठी नाही, मुलाला सांभाळणारे सगळेच तिथे येऊ शकतात.

‘कौतुक केलं की डोक्यावर बसेल’ ही आपल्याकडची भीती मी पुष्कळ घरांत ऐकते. ती भीती न हसता समजून घ्यायला हवी, कारण ती प्रेमातूनच येते. पण इथलं कौतुक मुलाचं नसून वागण्याचं असतं, आणि तेही खरंच दिसलेल्या वागण्याचं.

मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, बोलणं उशिरा येत असेल, शाळेने हात टेकले असतील, तर तज्ज्ञाकडे जावं, लेख वाचून उपचार करू नयेत. खुर्चीचा भाग तर प्रशिक्षित माणसाशिवाय करूच नये. रोजची पाच मिनिटं मात्र कोणालाही सुरू करता येतील. फोन दुसऱ्या खोलीत, टीव्ही बंद, जमिनीवर बसून, एकाच मुलाबरोबर, रोज शक्यतो एकाच वेळी. तो काढेल तो खेळ, आपण त्याच्या मागे. आणि दिवसभरात त्याने कितीही त्रास दिला असला, दुपारी भावाला चावला असला, तरी त्या संध्याकाळची पाच मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. त्या दिवशी ती सर्वांत जड जातात, आणि पीसीआयटीचे थेरपिस्ट पालकांकडून त्या दिवसाचाही हिशेब मागतात.